एक जूनला जन्मलेली पिढी

आज पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या दहा मराठी माणसांना जन्मतारीख विचारली, तर त्यांतल्या दोघा-तिघांची तरी १ जून निघते. माझीही १ जून १९४२ आहे. आई मात्र वेगळी खूण सांगायची: श्रावणातला सोमवार होता आणि मुंबईत गांधीजींना धरून नेल्याची बातमी गावात येऊन आठवडा झाला होता. म्हणजे ऑगस्ट. पण १९४८ च्या जूनमध्ये मला पहिलीत घालायचं, तर सहा वर्षं पुरी भरायला हवी होती. वडील त्याच शाळेत लोकल बोर्डाचे मास्तर. त्यांनी रजिस्टरात १ जून लिहिलं. कऱ्हाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या बहुतेक पोरांच्या नावापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात हीच तारीख आहे.

यात फसवाफसवी नव्हती. वय वर्षांत मोजायची गरजच तोवर कुणाला पडली नव्हती. मूल ‘मानमोडीच्या साथीत’ झालेलं असायचं, नाहीतर ‘बैलजोडी विकली त्या साली’. त्याची वाढ कामावरून ओळखली जायची. पोरगा शेरडांमागे जाण्याजोगा झाला, मग गुरांमागे, मग नांगराचा रुमणा धरण्याजोगा. पोरगी धाकट्याला काखेला मारण्याजोगी झाली, भाकरी थापण्याजोगी झाली, आणि एक दिवस तिला पदर आला की ती बाई झाली. शाळेत नाव घातलं त्या दिवशी सरकारदरबारी मुलाला पहिल्यांदा वय मिळालं.

मी उभा जन्म माध्यमिक शाळेत शिकवण्यात घालवला. निवृत्तीनंतर गावच्या प्राथमिक शाळेतली जुनी जनरल रजिस्टरं वाचायला मिळाली. १९३० पासून १९६५ पर्यंतची. ती वाचताना जे समजत गेलं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. बारा ते अठरा ही वर्षं आज आपल्याला निसर्गाने दिलेली वाटतात. शरीर बदलतं हे निसर्गाचं खरं. पण त्या बदलाला पाच-सहा वर्षांची सवड मिळणं, पोटाची आणि संसाराची जबाबदारी अंगावर न घेता शिकायला, भांडायला, मैत्री करायला वेळ मिळणं, हे निसर्गाचं देणं नव्हे. ती सवड महाराष्ट्रात याच तीस-पस्तीस वर्षांत मिळवली गेली. कायद्याने, शाळांनी, बोर्डिंगांनी आणि स्वतः अर्धपोटी राहिलेल्या आईबापांनी ती मिळवली. सगळ्यांना ती एकदम मिळाली नाही, आणि कित्येकांना मिळालीच नाही.

आधी मूल जगायला हवं होतं. १९५१ च्या सुमाराला देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १४६ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आमच्या घरात आईची दोन मुलं गेली, आणि आळीतल्या इतर घरांच्या मानाने हे कमीच होतं. मागची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवायचे, म्हणजे दैवाची नजर त्याच्यावर पडू नये. कुणी मुलाचं नाक टोचून मुलगी म्हणून वाढवायचे. गावोगावचे नथू त्यातूनच आले. रजिस्टरात अशी नावं रांगेने सापडतात. देवी टोचणारा गावात आला की आया पोरांना घेऊन उसात लपत, आणि वडील शाळेच्या पोरांना पाठवून त्यांना हुडकून आणत. माझ्या दंडावरचे ते व्रण अजून तसेच आहेत.

जगलेलं मूल लगेच कामाला लागायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कायद्याला तरी कुठे वाटत होतं? १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने एवढंच म्हटलं की सात वर्षांखालचं मूल कारखान्यात घेऊ नये. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ झाली, १९२२ मध्ये बारा, आणि चौदा व्हायला स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कायदा यावा लागला. सातापासून चौदापर्यंतचा हा प्रवास सदुसष्ट वर्षांचा आहे. माझे चुलते तेराव्या वर्षी, १९३० च्या सुमाराला, परळच्या एका गिरणीत लागले. रिंग खात्यात भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवायच्या, हे पोरांच्या बोटांचं काम. भरतीआधी सरकारी डॉक्टर पोरांना रांगेत उभं करून उंची बघायचा, तोंड उघडायला लावून दात बघायचा आणि वयाचा दाखला द्यायचा. चुलते सांगत, एकच पोरगा दोन नावांनी दोन दाखले काढून दोन गिरण्यांत पाळ्या करी, असंही चालायचं. वयाची पहिली सरकारी मोजणी माझ्या बाबतीत शाळेने केली, त्यांच्या बाबतीत गिरणीने.

१९४८ च्या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. त्याने पंधरा पुरी झालेल्या आणि अठरा न भरलेल्या कामगाराला ‘किशोर’ असा वेगळा वर्ग दिला. पूर्ण माणसाचं काम द्यायचं तर आधी डॉक्टरचा दाखला हवा, असं बंधन घातलं. मधलं वय म्हणून काही असतं, हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं गेलं. पण हा कायदा कारखान्याच्या दारापाशी थांबला. शेत, गुरं, विडीचा कारखाना म्हणवणारी घरची ओसरी, हॉटेलातली कपबशी, सावकाराचं घर, यांतलं काहीच त्याच्या टप्प्यात नव्हतं, आणि बहुतेक मुलं तर तिथेच होती.

रजिस्टरातला शेवटचा रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. तो वाचताना मला अनेकदा रजिस्टर मिटून ठेवावं लागलं. ‘घरकाम’. ‘गुरे राखणे’. ‘गैरहजर म्हणून नाव कमी केले’. ‘पोट भरण्यास मुंबईस’. मधूनच ‘मयत’. सुगीच्या आधी, आश्विनात, नावं कमी होण्याची लाट येते. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्येच सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आमच्याकडे सक्ती आली ती उशिरा आणि सैल हाताने. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचं ठरवलं. ती दहा वर्षं १९६० ला संपली. १९६१ च्या आमच्या रजिस्टरात ‘गुरे राखणे’ तितक्याच वेळा आहे.

या एका कारणावर उपाय शोधला तो ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करून त्या मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार चालवला, आणि १९४५ मध्ये शहर सोडून ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. पुढे ते काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर साधं होतं: ती गुरांमागे असतात आणि त्यांच्या काखेला धाकटं भावंड असतं. तेव्हा शाळा गुरांमागे गेली. गुरं चरत असतील त्या माळावर भरणारी ती कुरणशाळा. भावंडांसाठी अंगणात बालवाडी. या कामात ताराबाईंच्या सोबत राहिल्या आणि त्यांच्यानंतर ते पुढे नेलं त्या अनुताई वाघांचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं होतं. स्वतःचं कोवळं वय असं मोडलेल्या बाईने शेकडो मुलांचं वय राखलं. महाराष्ट्राच्या शिक्षणात यापेक्षा मोठं काम मला तरी माहीत नाही.

मुलींचं सांगताना मी आईपासून सुरुवात करते, कारण तिचं लग्न एका कायद्याने लावलं. शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला. मुलीला चौदा आणि मुलाला अठरा वर्षं पुरी हवीत, नाहीतर एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली, इतकी की १९३१ च्या जनगणनेत लहान वयाच्या विवाहितांचा आकडा फुगलेला दिसला. माझी आई त्या झुंबडीतली. नऊ वर्षांची होती. एका मांडवात आळीतल्या चार मुलींची लग्नं उरकली. ती चौदाव्या वर्षी नांदायला आली तेव्हा वडील फायनल पास होऊन मास्तरकीला लागले होते. ‘मला लहानपण नऊ वर्षं मिळालं आणि म्हातारपण चाळीस,’ असं ती शेवटी-शेवटी म्हणायची. मधलं काही तिने मोजलंच नाही.

तरीही तो कायदा वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. त्याने लगेच लग्नं थांबवली नाहीत, पण लाज निर्माण केली. १९४९ मध्ये मुलीचं वय पंधरा झालं. १९६१ पर्यंत देशात मुलीच्या लग्नाचं सरासरी वय सोळाच्या आसपास आलं. माझ्या आजीला न्हाण आलं तेव्हा तिला मखरात बसवलं होतं, गावभर साखर वाटली होती, कारण ती लग्न झालेली होती आणि सासरची वाट मोकळी झाली होती. आईचंही तसंच. १९५५ मध्ये माझ्यावर ती वेळ आली तेव्हा आईने दार लावून घेतलं आणि ‘कुणाला सांगू नकोस’ एवढंच बजावलं. लग्नाचं वय न्हाणाच्या पुढे सरकलं आणि एका पिढीत सण जाऊन गुपित आलं. पदर आलेली मुलगी बापाच्या घरी वह्या-पुस्तकं घेऊन बसलेली, हे दृश्य आमच्या आळीत नवं होतं आणि त्याला कसं वागवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला अंगणात जायची बंदी झाली, पण शाळेत जायची मुभा राहिली. शरीराविषयी एक अक्षर कुणी सांगितलं नाही. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललं, त्यातलं एक पानही आमच्यासारख्यांच्या हाती पडलं नाही. आम्ही भीतीत वाढलो. माझ्या विद्यार्थिनींना ती भीती वाटू नये म्हणून मी पुढे वर्गात मोकळेपणी बोलत गेले.

सातवीला आम्ही चौघी मुली उरलो होतो. आठवीसाठी कऱ्हाडला जावं लागे, आणि मी आत्याच्या घरी राहिले म्हणूनच शिकले. बाकी तिघींच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहिलं आहे. त्या तिघींची लग्नं वर्षभरात झाली, पण रजिस्टरात ‘लग्न’ हे कारण नाही. कायदा मोडल्याची नोंद शाळेच्या दप्तरात कोण करील?

मुलांना मात्र बोर्डिंग होतं. माझा थोरला भाऊ कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात शिकला. १९१९ मध्ये काल्याला, आमच्याच तालुक्यात, भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. गांधीजींनी १९२७ मध्ये येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. फी नसे, पण घाम गाळावा लागे. भाऊ पहाटे उठून शेताला पाणी पाजायचा, दगड फोडायचा, मग शाळा. सुट्टीत घरी आला की त्याच्या तळहाताला घट्टे असत आणि तोंडात गणिताची प्रमेयं. तो महार, मांग, रामोशी, मराठा, मुसलमान पोरांच्या पंगतीत जेवत होता, हे आजीला कळू न देण्याची खबरदारी आई घ्यायची. तेरा ते अठरा वयाची शंभर पोरं बाप, शेत आणि भावकीपासून लांब एकत्र राहतात, हे खेड्यातल्या जगात आधी कधी घडलं नव्हतं. कामाला कंबर मोडत होती, पण ते काम त्यांचं स्वतःचं होतं, शिकण्यासाठी केलेलं. खेड्यातल्या मुलांना सवडीची वर्षं पहिल्यांदा मिळाली ती तिथे, अशी माझी पक्की धारणा आहे.

शहरातही थोरल्या अपत्याला सवड नव्हती. दीनानाथ मंगेशकर एप्रिल १९४२ मध्ये गेले तेव्हा लताबाईंना तेरावं लागलेलं होतं, मागे चार भावंडं होती. त्यांनी तोंडाला रंग लावला. गिरणगावात सापडलेलं अनाथ मूल म्हणून वाढलेले नारायण सुर्वे लहानपणापासून पडेल ते काम करत राहिले. ही नावं आपल्याला ठाऊक झाली. त्याच चाळींतल्या हजारो थोरल्या बहिणी विड्या वळून, धुणीभांडी करून भावंडांच्या फिया भरत होत्या.

रजिस्टरातल्या जातीच्या रकान्याबद्दल लिहायलाच हवं. आमच्या शाळेत मी पहिलीत असताना महारवाड्यातली मुलं वर्गाच्या दाराजवळ वेगळी बसत आणि तहान लागली की कुणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत. वडिलांनी ती बसण्याची रीत मोडली, पाण्याची मोडायला त्यांना वर्षं लागली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. मुंबईचा कावाखाना आणि गावाकडचा महारवाडा यांमध्ये गेलेलं त्यांचं पोरवय त्यात आहे. ते वाचताना मला दाराजवळ बसणाऱ्या त्या मुलांचे चेहरे दिसत राहिले. आम्ही एकाच वर्गात होतो आणि आमचं बालपण एक नव्हतं.

आनंदाचंही सांगते, कारण तो खूप होता. आम्ही संध्याकाळी परवचा म्हणायचो. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि सर्वांत अवघड ती औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, सोळा छटाकांचा शेर. हे सगळं दहा वर्षांच्या पोराच्या जिभेवर असे, कारण बाजारात बापाला ते लागे; अडाणी बापाला वाण्याने फसवू नये म्हणून पोराला सोबत नेत. शाळेतली विद्या त्याच आठवड्यात घराच्या उपयोगी पडे आणि मुलाला घरात मान मिळे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पुढे किलो-ग्रॅम आले. औटकी एका पिढीत पुसली गेली आणि बाजारातला मुलाचा तो मानही गेला. दशमान पद्धत सोपी आहे, हवीच होती. पण मुलांचं घरातलं स्थान बदलण्यात तिचाही हात आहे.

वाचायला ‘चांदोबा’ होता, १९५२ पासून. भा. रा. भागवतांचं ‘बालमित्र’ वडील कुठून तरी मिळवत. ‘श्यामची आई’ आमच्या घरी मोठ्याने वाचली जाई, आणि १९५३ चा अत्र्यांचा सिनेमा गावच्या जत्रेत तंबूत आला तेव्हा पडद्यासमोर सगळं गाव रडलं. आणि रेडिओ. १९५२ मध्ये आकाशवाणीने सिनेमाची गाणी आवरती घेतली, तेव्हा सगळी तरुण पोरं रेडिओ सिलोनकडे वळली. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’. कऱ्हाडच्या हॉटेलसमोर मुलं गोळा व्हायची, आम्ही मुली आत्याच्या माडीच्या खिडकीतून ऐकायचो. कोणतं गाणं वरच्या पायरीवर जाईल यावर दुसऱ्या दिवशी वर्गात वाद. लहानांचं नाही आणि मोठ्यांना आवडत नाही असं आमचं काहीतरी, ते पहिल्यांदा तिथे मिळालं. वडील ते गाणं ऐकून कपाळाला आठ्या घालत. आम्हाला त्या आठ्याही हव्याशा वाटत.

राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये नव्याने उभं राहिलं, शाखांवर मुलं-मुली एकत्र खेळली, गाणी म्हणाली. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेला आणि पोलिसांच्या गोळीबारात मारला गेलेला शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत गेलेले चौघेही तसेच कोवळे. त्यांच्याविषयी आम्हाला शाळेत सांगत, तेव्हा त्यांचं वय ऐकून आमच्या वर्गात शांतता पसरायची.

१९५९ मध्ये मी एस.एस.सी. झाले. त्याच सुमाराला सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ई.बी.सी.ची फी माफी दिली. मी शिकवायला लागले तेव्हा वर्षाला बाराशे रुपयांच्या आतल्या उत्पन्नाचे दाखले घेऊन पालक शाळेच्या दारात उभे असायचे, आणि त्यांत मुलींचे बापही असायचे. ‘हिला आता अजून दोन वर्षं ठेवतो शाळेत,’ असं एक शेतकरी मला म्हणाला होता. ती दोन वर्षं म्हणजे काय, हे मला आईच्या आयुष्यावरून माहीत होतं.

गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी शालेय रजिस्टरं गावोगावच्या कपाटांतून बाहेर निघाली. कितीतरी पानांची छायाचित्रं झाली. पाहिला गेला तो जातीचा रकाना. काम झालं की रजिस्टरं पुन्हा वाळवीच्या हवाली होतील, अशी मला काळजी आहे. शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि जिल्हा परिषदांच्या अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पूर्ण पान जपा, शेवटच्या रकान्यासकट. आणि वाचकहो, घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, शाळा कितव्या वर्षी सुटली, का सुटली, पहिली कमाई कधी हातात आली, लग्न झालं तेव्हा किती वर्षांच्या होतात. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ही माणसं आता फार थोडी उरली आहेत.